लाईनआऊटमध्ये फरक येतोय? खुंटी हलवण्याआधी हे तपासा

लाईनआऊट म्हणजे नकाशावरच्या रेषा जमिनीवर आखणं. फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मारून झाली, जेसीबीने खड्डे घेतले, पीसीसी (खड्ड्याच्या तळाचा साध्या काँक्रीटचा थर) पडलं. आता सेंटर (कॉलमचा मध्य) खाली उतरवायचं म्हणून मिस्त्री दोन बुर्ज्यांवर (दोरी बांधायला ओळीच्या टोकांना उभारलेल्या छोट्या खांबांवर) दोरी ताणतो, ओळंबा सोडतो, आणि तो पीसीसीच्या मधोमध टेकायच्या ऐवजी एका कडेला टेकतो. सगळे तुमच्याकडे बघतात. नव्या इंजिनिअरचा हात अशा वेळी खुंटीकडे जातो, कारण खुंटी हलवली की दोरी हलते आणि डोळ्यांपुरतं सगळं जुळून जातं.

तो हात आवरा. बंगले, रो-हाऊस, तीन-चार मजली इमारती अशा साइटवर हा दोष मी इतक्यांदा निस्तरलाय की आता गेल्या गेल्या एकच विचारतो, "फरक नेमका किती आणि कुठल्या बाजूला?" बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, कारण तोवर दोन-तीन खुंट्या हलवून झालेल्या असतात. चूक कुठे झाली याचा माग फरकाच्या आकड्यातच असतो. तो वहीत उतरवण्याआधी काही हलवलं की माग पुसला जातो, आणि मग सगळं लाईनआऊट पहिल्यापासून करावं लागतं.

खाली तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडून थेट टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) मागवणारे बरेच भेटतात. चूक नकाशा वाचण्यात झाली असेल, तर टोटल स्टेशन तीच चूक मिलिमीटरच्या अचूकतेने पुन्हा जमिनीवर काढून देतं.

लक्षणं

- दोन कर्णांच्या लांबीत फरक येतो.
- संध्याकाळी जुळलेलं माप दुसऱ्या दिवशी जुळत नाही.
- पहिल्या कॉलमपाशी बरोबर, पण पुढे जावं तसा फरक वाढत जातो.
- सगळ्या कॉलमना सारखाच फरक, एकाच दिशेला.
- एकच कॉलम किंवा एकच ओळ बाहेर, बाकी ठीक.
- फुटिंग (कॉलमखालचा पाया) भरेपर्यंत बरोबर होतं, भरल्यावर कॉलमचं लोखंड सरकलेलं दिसतं.
- इमारतीची सगळी मापं बरोबर, पण हद्दीपासूनचं अंतर एका कोपऱ्यात कमी भरतं.

तुमचं लक्षण यातलं कुठलं, ते आधी ठरवा. वहीत चार रकाने आखा : नकाशावरचं माप, जागेवरचं माप, फरक, दिशा. प्रत्येक ओळीचं माप घ्या आणि भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. रकाने भरले की चित्र आपोआप दिसायला लागतं. फरक वाढत जाणारा असेल तर टेप, उतार किंवा काटकोन यांपैकी काहीतरी आहे. सगळीकडे सारखा असेल तर शून्य चुकलंय किंवा सेंटरच्या जागी कड धरली गेलीय. एकाच ठिकाणी असेल तर ती बुर्जी, तो खिळा किंवा नकाशावरचा तो एक आकडा बघा.

काही आकडे तर स्वतःच बोलतात. ११५ मिमी फरक म्हणजे २३० च्या भिंतीची किंवा कॉलमची अर्धी जाडी. बरोबर १०० मिमी म्हणजे टेपचं टोक. मोठ्या लांबीवर पावणेदोनशे-दोनशे मिमी गेले असतील तर फूट आणि मीटरची गल्लत झालेली असते.

१. नकाशा पुन्हा वाचा

पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका इथेच सापडतात.

हातातला प्रिंट शेवटच्या रिव्हिजनचा आहे का, ते बघा. साइटवरच्या केबिनमध्ये जुना प्रिंट भिंतीला चिकटवलेला असतो, नवा व्हॉट्सॅपवर आलेला असतो आणि मिस्त्रीच्या खिशात तिसराच असतो. जुन्या प्रिंटवर मोठी फुली मारा आणि रद्द लिहा.

मग सुटी मापं बेरीज करून एकूण मापाशी ताडा. ३.३५, ४.१० आणि २.७५ यांची बेरीज १०.२० होते, खाली एकूण १०.२५ लिहिलेलं असेल तर चूक नकाशातच आहे. अशा वेळी आपल्या मनाने कुठलंही माप पक्कं धरू नका. डिझायनरला फोन करा आणि दुरुस्ती लेखी घ्या. प्रिंटवर पट्टी ठेवून तर माप कधीच काढू नका, झेरॉक्स काढताना कागदाचं प्रमाण बदलतं.

आता सेंटर आणि कड. आर्किटेक्टच्या नकाशात खोलीचं आतलं माप असतं, आरसीसीच्या नकाशात कॉलमच्या सेंटरपासून सेंटरपर्यंतचं. नवखा माणूस दोन्हीतली मापं मिसळतो. बाहेरच्या ओळीत आणखी एक खाच असते. भिंत २३० ची आणि कॉलम ३०० चा, दोन्हींची बाहेरची कड एका रेषेत ठेवायची, असं असेल तर कडेपासून कॉलमचं सेंटर १५० वर येतं आणि भिंतीचं ११५ वर. हा ३५ मिमीचा फरक लाईनआऊटच्या दिवशी कुणाला दिसत नाही. वीटकाम सुरू झालं की कॉलम भिंतीबाहेर डोकावतो आणि मग प्लास्टर जाड करून तो लपवावा लागतो.

एका बंगल्यावर रस्त्याकडच्या ओळीतले चारही कॉलम ११५ ने बाहेर आले होते. इंजिनिअर दोन दिवस टेप बदलून बदलून मोजत होता. वहीतल्या रकान्यात चार ओळींवर ११५, ११५, ११२, ११६ असे आकडे दिसले तेव्हा टेप खाली ठेवून नकाशा उघडला. आर्किटेक्टने दिलेलं अंतर भिंतीच्या बाहेरच्या कडेचं होतं आणि त्याने ते सेंटरचं धरलं होतं. मोजमापात त्याची चूक काहीच नव्हती.

फूट आणि मीटरबद्दल थोडंसं. आपले मिस्त्री इंच आणि सूत यांत बोलतात, एक इंच म्हणजे आठ सूत. त्यात वाईट काही नाही, पण रूपांतर तुम्ही करा, त्यांच्यावर सोडू नका. एक फूट ३०४.८ मिमीचा असतो, ३०० चा नाही. ४० फुटांचे १२ मीटर धरले की १९२ मिमी गेले.

२. टेप

टेपचं शून्य कुठे आहे ते बोट ठेवून बघा. काही टेपमध्ये ते कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींत पट्टीवर थोडं आत. टोक तुटलेला टेप साइटवर सर्रास चालतो. मग कुणीतरी १० सेंमीच्या खुणेपासून धरतो आणि वाचणारा ते वजा करायला विसरतो. बरोबर १०० मिमीचा फरक दिसला तर आधी हेच विचारा.

कापडी किंवा फायबरचा टेप खोदाईची क्वांटिटी काढायला ठीक आहे, सेंटर काढायला नाही, कारण तो ताणेल तसा वाढतो. लाईनआऊटला स्टीलचाच टेप घ्या आणि सगळं काम एकाच टेपने करा. मी त्या टेपला ऑइलपेंटचा ठिपका लावून ठेवतो आणि तो दुसऱ्या कामाला देत नाही. शंका आली तर दोन टेप सपाट रस्त्यावर शेजारी शेजारी पसरून १० मीटरवरच्या खुणा जुळतात का बघा.

झोळाचा हिशोब माहीत असू द्या. ३० मीटर टेप मध्ये ३० सेंमी लोंबत असेल तर माप सुमारे ८ मिमीने जास्त वाचलं जातं. उन्हाचं याच्या उलट. स्टीलचा टेप साधारण २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेला असतो. तो ४५ अंशांपर्यंत तापला तर ३० मीटरला जवळपास ९ मिमी वाढतो आणि माप कमी वाचलं जातं. घराच्या साइटवर १२ मीटरला हे साडेतीन मिमीच होतात, त्याने कॉलम बाहेर जात नाही. पण विदर्भातल्या मे महिन्यात सकाळचं माप दुपारी का जुळत नाही, याचं उत्तर काही वेळा एवढंच असतं. लाईनआऊट सकाळी लवकर करा.

आणि मापं तुकड्यातुकड्यांनी घेऊ नका. पहिल्या कॉलमपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं मोजलं की प्रत्येक ठिकाणची दोन-तीन मिमीची चूक पुढच्या मापात मिळत जाते. एकाच शून्यापासून टेप पसरून ठेवा आणि चढत्या आकड्यांनी सगळे सेंटर मारा : ३.३५, ७.४५, १०.२०. मग दुसऱ्या टोकाकडून उलटं मोजून बघा. निघालात तिथे परत येऊन माप जुळलं, तरच ते खरं धरायचं.

३. जमिनीचा उतार

नकाशावरचं प्रत्येक माप आडवं असतं. टेप जमिनीला टेकवून उतारावर पसरला की तुम्ही तिरकं माप घेताय. १० मीटरमध्ये अर्धा मीटर उतार असेल तर साडेबारा मिमी जातात, एक मीटर असेल तर ५०. उतार दुप्पट झाला की चूक चौपट होते, म्हणून डोंगराकडच्या आणि कोकणातल्या प्लॉटवर हा दोष हमखास सापडतो.

उतारावर टप्प्याटप्प्याने मोजा. वरच्या बाजूला शून्य धरा, खालच्या बाजूला टेप उचलून ओळंब्याच्या दोरीला लावा. टेपचं ते टोक सावकाश वर-खाली करा. आकडा कमी होत जाईल, मग पुन्हा वाढायला लागेल. सगळ्यात कमी आकडा तेच आडवं माप. टप्पा तीन-चार मीटरपेक्षा मोठा घेऊ नका.

कायमचा इलाज मात्र बुर्ज्यांमध्ये आहे. सगळ्या बुर्ज्यांचे माथे पाणी-लेव्हलने एका पातळीत घेतले तर टेप आपोआप आडवा राहतो. फार उतार असेल तर निदान एका ओळीतल्या तरी एका पातळीत घ्या. पाणी-लेव्हलच्या नळीत बुडबुडा राहिला तर ती खोटं सांगते. नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का, ते आधी बघा.

४. दोरी आणि ओळंबा

हे अगदी बारीक वाटतं, पण पाच-सहा मिमीचा न सापडणारा फरक इथेच असतो.

दोरी खिळ्याच्या कुठल्या बाजूने गेलीय? एका टोकाला डाव्या आणि दुसऱ्या टोकाला उजव्या बाजूने असेल तर खिळ्याच्या जाडीएवढी ती तिरकी झाली. सगळ्या खिळ्यांना एकाच बाजूने बांधायची हे मिस्त्रीशी ठरवून टाका. खिळा वाकलाय का तेही बघा. मध्ये कुठे मातीच्या ढिगाला किंवा गवताला दोरी टेकलेली असेल तर ती सरळ नसते. बोटाने मधोमध छेडून सोडली तर टेकलेली दोरी लगेच थांबते, मोकळी दोरी थोडा वेळ थरथरत राहते.

दोन दोऱ्या जिथे एकमेकींना छेद देतात, तिथे वाकून बघा. एका साइटवर आडव्या दोऱ्या आधी बांधल्या होत्या आणि उभ्या त्यांच्या खालून नेलेल्या. खालच्या दोऱ्या जास्त ताणलेल्या, त्यामुळे त्या वरच्यांना उचलून धरत होत्या. प्रत्येक छेदावर वरची दोरी थोडी बाजूला सरकत होती आणि ओळंबा कुठल्या दोरीला लावावा, यावर दोघांचा वाद चालला होता. खालच्या दोऱ्यांचे खिळे अर्धा इंच खाली ठोकले, दोन दोऱ्यांमध्ये बोटभर फट पडली आणि वाद मिटला.

वाऱ्यात ओळंबा झुलत असेल तर डोळ्यांनी मध्य ठरवू नका. ओळंबा पाण्याच्या बादलीत बुडेल असा सोडा, पाणी त्याला शांत करतं. मग दोरीची जागा बाजूला ठोकलेल्या फळीवर पेन्सिलने घ्या.

५. काटकोन

तीन-चार-पाच सगळ्यांना येतं, पण ते फुटांत केलं तर फसतं. चार फुटांच्या बाजूवर ५ मिमीची चूक झाली, तर तीच रेषा १२ मीटर पुढे गेल्यावर साधारण ५० मिमी बाहेर जाते. गवंडीकामाच्या गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) लाईनआऊट करण्याचा तर प्रश्नच येत नाही. गुण्या भिंतीच्या कोपऱ्यासाठी आहे. जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या : ६-८-१० किंवा ९-१२-१५ मीटर.

त्यानंतर कर्ण. इथे एक गैरसमज पक्का बसलाय की कर्ण सारखे आले म्हणजे काम गुण्यात आलं. एक बाजू १२.०० मीटर, समोरची १२.०६, आणि तो जादा ६० मिमी दोन्हीकडे सारखा वाटला गेलेला. अशा आकाराचे दोन्ही कर्ण अगदी सारखे येतात, तरी एकही कोपरा काटकोनात नसतो. म्हणून समोरासमोरच्या बाजू आधी ताडा, मग कर्ण. दोन्ही जुळले तरच आयत.

बाजू बरोबर आणि कर्ण चुकीचे असतील तर किती सरकवायचं याचा हिशोब सोपा आहे, चाचपडत बसायची गरज नाही. समजा, पक्की धरलेली बाजू अब १२ मीटर, बाजूची ९ मीटर, म्हणजे कर्ण १५ यायला हवा. वरचे कोपरे क आणि ड, त्यांतला क हा ब च्या समोर. अक १५.०१६ आला आणि बड १४.९८४, फरक ३२ मिमी. फरकाला कर्णाने गुणा आणि पक्क्या बाजूच्या दुपटीने भागा : ३२ गुणिले १५, भागिले २४, म्हणजे २० मिमी. अक मोठा आहे, तेव्हा क आणि ड दोन्ही अब ला समांतर, अ च्या बाजूला २० मिमी न्या. मग सगळ्या बाजू आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजा. एकच खुंटी हलवून एक कर्ण जुळवणं ही यातली सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याने समोरची बाजू बिघडते.

मी स्वतः १५ मीटरच्या कर्णात ५ मिमीपर्यंतचा फरक चालवतो. त्याहून जास्त असेल तर फक्की मारू देत नाही.

६. बुर्जी जागेवर आहे का?

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आता बुर्ज्यांवर संशय घ्यायचा. संध्याकाळी बरोबर आणि सकाळी चूक, या लक्षणाचं सगळ्यात मोठं कारण हेच.

जेसीबीच्या बकेटचा धक्का लागतो आणि ऑपरेटर सांगत नाही, कधी त्याच्या लक्षातही येत नाही. बुर्जीच्या बुडाशी ताजी भेग, एका बाजूला सुटलेली माती, माथ्यावर टवका उडालेला, हे शोधा. खड्ड्याच्या कडेला अगदी लागून बांधलेली बुर्जी कड ढासळली की तिच्याबरोबर झुकते. मी कडेपासून निदान दीड मीटर सोडतो, खड्डा खोल असेल तर जास्त.

काळ्या मातीत वेगळा त्रास. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे वरच्यावर बांधलेली बुर्जी कुणी हात न लावता हलते. खाली मुरूम लागेपर्यंत खणून तिथून बुर्जी उचला. खिळा ओल्या मॉर्टरमध्ये बसवून दुसऱ्या दिवशी दोरी बांधा. त्याच दिवशी ताण दिला तर तो सरकतो.

बुर्जी हलली की नाही, हे शेजारच्या बुर्जीवरून कळत नाही, कारण तीही हललेली असू शकते. म्हणून लाईनआऊटच्या दिवशीच इमारतीच्या चार कोपऱ्यांना बाहेरच्या पक्क्या वस्तूंशी बांधून ठेवायचं. शेजारच्या जुन्या कंपाउंडचा आरसीसी खांब, जुन्या दगडी पुलाची कड, असं न हलणारं काहीही. प्रत्येक कोपऱ्यापासून अशा दोन खुणांची अंतरं मिमीपर्यंत वहीत लिहा, खुणांवर रंग लावा, फोटो काढा. दोन अंतरांवरून हरवलेला कोपरा दहा मिनिटांत परत सापडतो. कच्च्या विटांची भिंत, झाड, विजेचा झुकलेला खांब घेऊ नका.

७. खाली उतरवताना आणि काँक्रीट भरताना

वर सगळं बरोबर असूनही कॉलम सरकतो तो इथे. काँक्रीट एका बाजूने धडाधड सोडलं, व्हायब्रेटरची नीडल कॉलमच्या लोखंडाला टेकवली, टेकू एकाच बाजूला होते; लोखंड सरकतं आणि काँक्रीटमध्ये तसंच बसतं.

सेंटर पाच वेळा बघा : पीसीसीच्या आधी, पीसीसीवर, जाळी आणि कॉलमचं लोखंड उभं केल्यावर, भरायला सुरुवात करण्याआधी आणि भरून झाल्या झाल्या. शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात जास्त चुकवली जाते, कारण संध्याकाळ झालेली असते आणि माणसं निघायच्या घाईत असतात. काँक्रीट ओलं असताना सरकलेलं लोखंड दोन माणसं हाताने जागेवर आणतात. त्या वेळेपर्यंत दोऱ्या सोडू देऊ नका. सकाळी तोच कॉलम डिझायनरच्या टेबलावरचा प्रश्न झालेला असतो.

किती फरक चालतो? आयएस ४५६ : २००० प्रमाणे फुटिंगच्या लांबी-रुंदीत अधिक ५० ते उणे १२ मिमी चालतं. फुटिंग जागेवरून सरकण्याची मर्यादा ज्या दिशेला सरकलं त्या दिशेच्या रुंदीच्या दोन टक्के, पण ५० मिमीहून जास्त नाही. दीड मीटरच्या फुटिंगला म्हणजे ३० मिमी. कॉलम-बीमच्या छेदाच्या मापात अधिक १२, उणे ६. ही सूट हाताने काम करताना राहणाऱ्या फरकासाठी आहे. लाईनआऊट करतानाच ती वापरून टाकली तर पुढच्या कामाला काही उरत नाही.

८. यंत्रं

उंचीत फरक येत असेल तर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) तपासा. आधी स्टाफ (उभी धरायची मोजपट्टी) : सरकता स्टाफ पूर्ण खेचून त्याचा जोड नीट बसलाय का, आणि तो उभा धरलाय का. मग यंत्र. ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. बरोबर मध्ये लेव्हल लावून दोन्हींचा फरक घ्या, समजा ०.४०० आला, हा खरा, कारण मध्ये उभं राहिल्यावर यंत्राची चूक दोन्हीकडे सारखी असते. आता लेव्हल एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा घ्या. ०.४१२ आला तर यंत्रात १२ मिमीची चूक आहे. ५ मिमीच्या वर गेलं की मी यंत्र परत पाठवतो. तोवर काम अडलंच असेल तर मागचं आणि पुढचं वाचन सारख्या अंतरावरून घ्या, चूक आपोआप वजा होते. टीबीएम (उंची मोजायची तात्पुरती पक्की खूण) एकच ठेवू नका, एकाची उंची १००.००० धरून दोन ठिकाणी ठेवा आणि रोज सकाळी एकावरून दुसरा तपासा.

टोटल स्टेशनवर सगळ्या अंतरांत सारखाच फरक, साधारण ३० मिमी, येत असेल तर प्रिझम कॉन्स्टंट (समोर धरलेल्या प्रिझमसाठी यंत्रात भरायची ठरावीक दुरुस्ती) बघा. प्रिझम बदलला आणि यंत्रातला आकडा तोच राहिला, असं होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हद्दीचा प्रश्न असेल तर लगेच थांबा. तारेचं कुंपण म्हणजे हद्द नव्हे आणि शेजाऱ्याचं तोंडी सांगणंही नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) आणि जागेवरच्या खुणा जुळत नसतील तर मालकाला पुन्हा मोजणीसाठी अर्ज करायला सांगा. तुमचं लाईनआऊट कितीही गुण्यात असलं तरी चुकीच्या हद्दीवर ते उभं राहिलं, तर सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर) कमी भरतं आणि जोते (प्लिंथ) तपासणीला काम अडकतं. तोवर प्लिंथवर लाखो रुपये गेलेले असतात. माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचं घर असतं ते.

काँक्रीट घट्ट झाल्यावर कॉलम सरकलेला सापडला तर स्ट्रक्चरल डिझायनरला फोन करा, आणि त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत त्या कॉलमला हात लावू देऊ नका. लोखंड वाकवून जागेवर आणू नका, तापवून तर मुळीच नाही. सरकलेल्या कॉलमचा भार फुटिंगवर मधोमध येत नाही. फुटिंग वाढवायचं, बीम बदलायचा की आहे तसं चालेल, हे गणित करूनच ठरतं आणि ते गणित त्याचं आहे. "एवढ्याने काय होतंय साहेब" असं साइटवर कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्या.

खोदाईत शेजारच्या भिंतीला भेग दिसली, खड्ड्याची कड सुटायला लागली किंवा अचानक पाणी लागलं, तर माणसं आधी बाहेर काढा. सेंटरचं नंतर बघता येईल. वळणदार किंवा तिरक्या आकाराची इमारत, मोठा उतार, बेसमेंट असं काम असेल तर पहिल्यापासूनच टोटल स्टेशनवाला सर्व्हेअर घ्या. त्याचा एका दिवसाचा खर्च एका चुकलेल्या फुटिंगपेक्षा कमी असतो. आणि वहीतले रकाने दोनदा भरूनही फरकाचं कारण सापडत नसेल, तर तिसऱ्यांदा स्वतः मोजू नका. दुसऱ्या इंजिनिअरला तुमचे आकडे न दाखवता मोजायला सांगा.

डिझायनरला किंवा सर्व्हेअरला बोलावताना एवढं तयार ठेवा : चालू रिव्हिजनचा नकाशा, चार रकान्यांचं ते पान, सरकलेल्या कॉलमचा दोरी आणि टेप दिसेल असा वरून काढलेला फोटो, काँक्रीट भरल्याची तारीख, आणि तोवर कुठली खुंटी कुणी किती हलवली याची यादी. शेवटची गोष्ट लपवू नका, तीच ते सगळ्यात आधी विचारतील.